जुन्या इंजिनाच्या ब्लॉकमधला तुटलेला बोल्ट काढताना

बोल्ट तुटायच्या आधी हाताला कळतं. जाम बोल्ट सुटतो तेव्हा 'कट्' असा कोरडा आवाज येतो आणि पाना एकदम सैल पडतो. तुटणारा बोल्ट आवाज करत नाही. पाना पुढे सरकतो, पण सैल वाटत नाही, ओली फांदी पिळावी तसा चिवट येतो. डोकं फिरत असतं आणि आट्यांत रुतलेलं टोक जागचं हललेलं नसतं. हे जाणवल्याबरोबर हात थांबवला तर बोल्ट अजून वाचू शकतो.

तुम्ही हा लेख वाचताय त्या अर्थी बहुधा डोकं हातात आलंय आणि खुंट ब्लॉकमध्ये राहिलाय. अशा वेळी पहिला विचार येतो तो एक्स्ट्रॅक्टरचा. खुंटात भोक पाडायचं, उलट्या पिळाचा तो टणक खिळा त्यात ठोकायचा आणि फिरवायचा. नवशिक्यांना कळकळीने सांगतो, हा विचार आज बाजूला ठेवा. दांड्याची पिळाला तोंड देण्याची ताकद त्याच्या व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. १० मिलिमीटरच्या बोल्टमध्ये जाणारं एक्स्ट्रॅक्टर साधारण ५ मिलिमीटरचं असतं, म्हणजे जाडी निम्मी आणि त्याच पोलादात ताकद एक अष्टमांश. एक्स्ट्रॅक्टरचं पोलाद जास्त कडक असतं हे खरं, पण ते ठिसूळही असतं. ज्या पकडीने अख्खा बोल्ट मोडला तिला ही बारीक सळई कशी सोडवणार? म्हणून आधी पकड सोडवायची, खुंट फिरवायचा तो नंतर. खालची सगळी कामं या क्रमानेच येतात.

आधी खुंट नीट बघा

चांगला उजेड घ्या, तारेच्या ब्रशने जागा साफ करा आणि तुटलेला भाग निरखा. बोल्ट कशाने तुटला यावर पुढचं सगळं ठरतं.

बोल्ट घट्ट करताना जास्त जोर लागून तुटला असेल, किंवा वर्षानुवर्षं थरथर सोसून थकून तुटला असेल, तर आटे बहुतेक वेळा मोकळेच असतात. थकून तुटलेल्या बोल्टचा छेद एका बाजूला गुळगुळीत दिसतो, त्यावर शिंपल्यासारख्या वळ्या असतात आणि उरलेला भाग खरबरीत असतो. अशा खुंटावर ताण राहिलेला नसतो. टोकदार सुई किंवा बारीक पंच कडेला लावून उलट्या दिशेने हलकेच टिचक्या मारल्या तरी तो फिरतो. मी काढलेला सर्वांत सोपा खुंट असाच, दातांच्या डॉक्टरांकडे असते तसल्या सुईने, दोन मिनिटांत बाहेर आला होता.

खोलताना तुटला असेल तर तो गंजाने धरलेला आहे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. आट्यांमधल्या केसाएवढ्या फटीत ती जागा नसते, म्हणून गंज तिथे पाचरीसारखा ठासून बसतो. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असेल तर दोन वेगळे धातू आणि ओल मिळून ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी पूड आट्यांत घट्ट बसते. ही पूड तेलाला गंजापेक्षाही कमी दाद देते.

भोक कुठे उघडतं तेही पाहून घ्या. कित्येक जुन्या इंजिनांत हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) स्टड, म्हणजे डोकं नसलेले, दोन्ही टोकांना आटे असलेले दांडे, आणि पाण्याच्या पंपाचे बोल्ट थेट पाण्याच्या पोकळीत उतरतात. फोर्डच्या १९३२ साली आलेल्या फ्लॅटहेड व्ही-८ इंजिनाचे हेड-स्टड त्यासाठी प्रसिद्धच आहेत. अशा ठिकाणी गंज खालच्या टोकाला असतो आणि वरून ओतलेलं तेल तिथे पोहोचायला फार वेळ लागतो. इंजिनातलं पाणी आधी पूर्ण काढून टाका, नाहीतर पुढे दिलेली सगळी उष्णता ते पाणीच पिऊन टाकेल.

हात लावण्यापूर्वी

सुरक्षेबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, कारण यातल्या दोन गोष्टी जिवाशी खेळणाऱ्या आहेत.

पहिली गोष्ट ब्रेक क्लीनरची. त्याच्या काही प्रकारांत क्लोरीन असलेलं द्रावण असतं. ते फवारलेल्या जागी ज्योत किंवा वेल्डिंगची ठिणगी आली तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. जिथे गरम काम करायचंय तिथे ब्रेक क्लीनर वापरूच नका. साबणपाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या.

दुसरी गोष्ट जुन्या गॅस्केटची, म्हणजे दोन भागांच्या जोडात गळती रोखायला बसवलेल्या पट्टीची. त्या काळच्या हेड आणि एक्झॉस्ट गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असायचं. त्यावर कोरडा ब्रश किंवा हवेचा झोत कधीही मारू नका. आधी ओलं करा, ओलंच खरवडा, ओल्या फडक्याने पुसा, आणि बारीक कणांसाठी असलेला योग्य मास्क लावा. सर्जिकल मास्क इथे पुरत नाही.

बाकी तयारी अशी: पेट्रोलची नळी आणि कार्ब्युरेटर दूर, बॅटरीची तार काढलेली, अग्निशामक हाताशी, डोळ्यांना चष्मा. सिलिंडरची तोंडं, तेलाच्या आणि पाण्याच्या वाटा फडक्याने किंवा ग्रीस लावलेल्या बुचाने बंद करा. किती फडकी कोंबली त्याचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा आणि शेवटी मोजून तितकी बाहेर काढा. ज्योत जिथे पोहोचेल तिथे मात्र कापड नको, धातूचा पत्रा आडवा धरा.

आटे कोणते आहेत ते ओळखा

आजच्या गाडीवर काम करणाऱ्याला हा भाग अनावश्यक वाटेल. जुन्या गाडीत यात चूक झाली तर वाचलेलं भोक आपल्याच हाताने खराब होतं.

जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचं प्रमाण सुचवलं, त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा होता. ब्रिटिश गाड्यांमध्ये बीएसडब्ल्यू (ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ) आणि त्याहून बारीक आट्यांचं बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) ही दोन्ही प्रमाणं दीर्घकाळ चालली, आणि दोन्हींत कोन ५५ अंशांचाच. अमेरिकी आटे आणि दुसऱ्या महायुद्धानंतर आलेले यूएनसी (युनिफाइड, जाड आटे) व यूएनएफ (युनिफाइड, बारीक आटे) हे ६० अंशांचे. आजचे मेट्रिकही ६० अंशांचे. फसवणारी बाब अशी की १/४, ५/१६, ३/८ आणि ७/१६ इंच या मापांत बीएसडब्ल्यू आणि यूएनसी यांच्या दर इंचातल्या आट्यांची संख्या एकच आहे. चुकीचा बोल्ट दोन-चार फेरे आत जातो, थोडा जड लागतो, आणि आपल्याला वाटतं की गंज आहे. १/२ इंचाला मात्र बीएसडब्ल्यूचे १२ आणि यूएनसीचे १३ आटे असतात, तिथे गफलत लगेच कळते.

आणखी एक गंमत मॉरिसच्या इंजिनांची. मॉरिसने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला इंजिन कारखाना घेतला. तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी होती. म्हणून पुढच्या बऱ्याच मॉरिस इंजिनांत आटे मेट्रिक आणि बोल्टचं डोकं व्हिटवर्थ पान्याचं, अशी जोडी मिळते. पाना बसला म्हणून आटेही तेच, असा अंदाज बांधू नका.

शेजारचा चांगला बोल्ट काढा, व्हर्नियरने व्यास मोजा, पिच गेज (दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, तपासायची दातेरी पट्टी) लावून उजेडात धरा. गेज आणि आटे यांच्यात कुठेही उजेड दिसता कामा नये. त्याच बोल्टची लांबीही टिपून ठेवा, ड्रिल करताना ती लागणार आहे.

तेल, ठोके आणि वाट बघणं

गंजात शिरणारं तेल वापरा. साधं डब्ल्यूडी-४० ओल हटवण्यासाठी बनवलेलं आहे, नावातला 'डब्ल्यूडी' म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट'. हलक्या गंजाला ते चालतं, रुतलेल्या बोल्टला खास पेनिट्रेटिंग तेल बरं. गिअरचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळूनही बरेच जण वापरतात. ते मिश्रण वापराल तर दर वेळी हलवून घ्या, रंगावर पडू देऊ नका, आणि त्या दिवशी त्या जागी ज्योत आणू नका. ॲसिटोन भपकन पेट घेतं.

तेल एकदा ओतून भागत नाही. सकाळी, दुपारी, रात्री थोडं थोडं लावा आणि दर वेळी खुंटाच्या टोकावर पितळी दांडा ठेवून हातोडीने दहा-बारा सरळ ठोके मारा. जोरदार नकोत, टणत्कार होईल असे. ठोक्याने गंजाचे कण तडकतात आणि त्या भेगांतून तेल आत उतरतं. दोन-तीन दिवस हे चालू द्या. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत गाडी जोडायचीच असं ठरवून बसलेल्या माणसाच्या हातूनच सर्वाधिक बोल्ट तुटताना मी पाहिलेत. जुनी गाडी तशीही कित्येक वर्षं थांबलेली असते, तिला आणखी तीन दिवस द्या.

ब्लॉक बिडाचा (ओतीव लोखंडाचा) असेल तर ठोक्यांची दिशा सांभाळा. बीड दाब सोसतं, पण आडवा हिसका किंवा वाकवणं त्याला सोसत नाही. पातळ कडेच्या कानाला आडवा ठोका लागला की कान तुटून हातात येतो आणि आपल्याकडे दोन दुरुस्त्या होतात.

उष्णता

माझ्या मते या कामात सर्वांत जास्त उपयोग उष्णतेचा होतो आणि तिच्याबद्दल गैरसमजही तेवढेच आहेत. 'भोक गरम केलं की मोठं होतं' हे खरं, पण बीड आणि पोलाद जवळजवळ सारखेच फुगतात. बिडाच्या ब्लॉकमध्ये उष्णतेचा फायदा वेगळ्या मार्गाने मिळतो. फक्त खुंट तापवला की तो थंड ब्लॉकच्या भोकात फुगायला बघतो, आट्यांतला गंज चिरडतो, आणि निवताना आकसतो तेव्हा केसभर फट सोडून जातो. म्हणून बिडात खुंटालाच लक्ष्य करा. अंधुक उजेडातच दिसेल इतका मंद लाल रंग पुरे. मग तो आपोआप निवू द्या. पाणी ओतून निववलं तर बीड तडकू शकतं आणि बोल्ट कडक होऊन पुढे ड्रिलला दाद देत नाही.

ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये गणित उलटं आहे. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून इथे खुंटाभोवतीचा ब्लॉक तापवायचा. पण ॲल्युमिनियम लाल होत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम साधारण ६६० अंश सेल्सियसला वितळतं, ओतकामाचे मिश्रधातू त्याहूनही आधी, आणि तोवर रंगाची कसलीही सूचना मिळत नाही. हीट गन वापरा, पाण्याचा थेंब टाकल्यावर तडतडून उडाला की थांबा.

तापलेल्या खुंटाच्या कडेला मेणबत्ती टेकवा. मेण पाण्यासारखं पातळ होऊन आट्यांत ओढलं जातं आणि तिथेच वंगणाचं काम करतं. दिसायला साधा उपाय आहे, पण मी कितीतरी महागडी तेलं यापुढे हरलेली पाहिली आहेत.

टोक बाहेर असेल तर

खुंट पृष्ठभागाच्या वर १० मिलिमीटर जरी असला तरी नशीब चांगलं. आटे शाबूत असतील तर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळून खालच्या नटाने फिरवा. नाहीतर स्टड काढायचं रोलरचं साधन लावा. लॉकिंग प्लायर शेवटी, कारण ते घसरलं की खुंट गोल होतो आणि पुढची पकड अवघड होते. प्लायरच वापरायचं असेल तर आधी कानशीने खुंटाला समोरासमोर दोन सपाट बाजू करा.

फिरवण्याची पद्धत महत्त्वाची. पहिली हालचाल घट्ट करण्याच्या दिशेने, अगदी किंचित. मग सोडण्याच्या दिशेने. पुन्हा घट्ट, पुन्हा सैल, तेल किंवा मेण, पुन्हा तेच. खुंट एक अंश हलला की काम झालं असं समजून ओढत सुटू नका. पाव फेरा आला की अष्टमांश फेरा मागे न्या. चिरडलेला गंज आट्यांतून बाहेर पडायला जागा लागते. 'कुई कुई' असा आवाज येऊ लागला तर ती तेल मागण्याची खूण आहे. मी अशा एका स्टडला पाऊण तास दिला होता आणि तो शेवटी अखंड बाहेर आला.

नट वेल्ड करणं

खुंट पृष्ठभागाच्या बरोबरीला किंवा किंचित आत तुटला असेल आणि मिग वेल्डिंग (ज्यात वेल्डची तार आपोआप पुढे येते) येणारं कोणी जवळ असेल, तर ड्रिल हातात घेण्याआधी हा मार्ग वापरा. नटाची पकडही मिळते आणि बोल्टच्या पोटात उष्णताही जाते.

खुंटाचं तोंड घासून चकचकीत करा. त्यावर एक जाड वॉशर ठेवा, ज्याचं भोक खुंटापेक्षा जरा लहान असेल. खुंटाच्या मध्यावर वेल्ड सुरू करा आणि बाहेर वॉशरपर्यंत आणा. मग वॉशरवर एक माप मोठा नट ठेवून त्याच्या पोटात वेल्ड भरा. नट आणि वॉशर जस्त चढवलेले नकोत, जस्ताचा धूर छातीला त्रास देतो. अर्थिंगच्या तारेची पकड शक्यतो ब्लॉकवरच, कामाच्या जवळ लावा, म्हणजे विद्युतप्रवाह बेअरिंगमधून जाणार नाही. आत खोल असलेल्या खुंटासाठी भोकात तांब्याच्या नळीचा तुकडा अस्तरासारखा बसवता येतो. वेल्ड तांब्याला सहजी चिकटत नाही आणि ब्लॉकचे आटे वाचतात. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकला पोलादाचा वेल्ड तसाही धरत नाही, त्यामुळे तिथे ही पद्धत फारच कामाची आहे.

वेल्ड झाल्यावर लगेच पाना लावू नका. लाली जाऊ द्या, हात जवळ नेता येईल इतकं निवू द्या, मेण लावा, आणि वर सांगितल्यासारखं पुढे-मागे हलवा. नट तुटून आला तर खचू नका, दुसरा लावा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी खुंट सुटणं अगदी नेहमीचं आहे, कारण प्रत्येक वेल्डबरोबर त्याला आणखी एक तापण्या-निवण्याचा फेरा मिळालेला असतो.

ड्रिल

वेल्डिंगची सोय नसेल किंवा ते फसलं असेल तर ड्रिल. इथे सगळी लढाई पहिल्या भोकाची आहे. ते मध्यावर पडलं तर पुढचं सोपं, एक मिलिमीटरने हुकलं तर प्रत्येक मोठं ड्रिल ती चूक वाढवत नेतं.

तुटलेलं तोंड वाकडं असतं आणि ड्रिल उतारावरून घसरतं. आधी ते सपाट करा, बाहेर असेल तर कानशीने, आत असेल तर डाय ग्राइंडरला लहान कार्बाइड बर (धातू खाणारं कडक गोल टोक) लावून. मग मध्य शोधा. अंदाजाने पंच मारू नका. जो भाग त्या बोल्टने धरलेला होता, मॅनिफोल्ड (इंजिनाला हवा आणणारा किंवा धूर नेणारा नळ्यांचा भाग) असो की पंपाचं घर, तो उरलेल्या बोल्टांनी जागेवर बसवा. लेथवर एक छोटा बुश (आतून पोकळ नळकांडं) करून घ्या, बाहेरचा व्यास त्या भागाच्या भोकात नेमका बसणारा आणि आतलं भोक ३ मिलिमीटरचं. हा बुश ड्रिलला हाताला धरून मध्यावर नेतो. खुंट भोकाच्या आत खोल असेल आणि वरचे आटे चांगले असतील तर त्याच आट्यांचा एक बोल्ट घेऊन त्याच्या मधून लेथवर ३ मिलिमीटरचं भोक पाडा आणि तो भोकात फिरवून बसवा. त्याहून चांगला मार्गदर्शक नाही. बुश करायला अर्धा तास लागतो आणि नवशिके नेमकं तेच टाळतात.

ड्रिल कोबाल्टचं घ्या आणि शक्य असेल तर डाव्या फिरकीचं. डावं ड्रिल मशीन उलटं फिरवून चालतं, म्हणजे कापतानाचा जोर खुंटाला सोडवण्याच्या दिशेने लागतो. उष्णतेने आधीच सैल झालेला खुंट कित्येकदा दुसऱ्या ड्रिलला चिकटून स्वतःच फिरत बाहेर येतो. तो क्षण फार आनंदाचा असतो.

वेग कमी ठेवा. साध्या बोल्टच्या पोलादात ३ मिलिमीटरला मिनिटाला सुमारे १५०० फेरे, ५ मिलिमीटरला ९०० ते १०००, ६.५ मिलिमीटरला ७०० च्या आसपास. दाब भरपूर, सलग, आणि कटिंग ऑइल सारखं. कमी दाबाने ड्रिल नुसतं घासत राहिलं तर पृष्ठभाग कडक होतो आणि मग काहीच कापत नाही. कीस निळा पडत असेल तर वेग जास्त आहे.

आणि सतत किसाकडे लक्ष द्या, तुम्ही कुठे आहात ते तोच सांगतो. बोल्टचं पोलाद वळणदार, चमकदार कीस देतं. बिडाचा कीस काळपट आणि भुकटीसारखा असतो, बोटांवर चोळला तर ग्रॅफाइटचा काळा डाग पडतो. पोलादाच्या किसात काळी भुकटी मिसळू लागली तर ड्रिल कडेने ब्लॉकमध्ये शिरलंय. ॲल्युमिनियमचा कीस मऊ, पांढरट, आणि ड्रिल एकदम आत ओढलं जातंय असं वाटतं. तिथल्या तिथे थांबा. खोलीसाठी ड्रिलवर चिकटपट्टीची खूण करा, शेजारच्या बोल्टच्या लांबीवरून. बंद भोकाच्या तळातून पुढे गेलात तर खाली पाण्याची किंवा तेलाची वाट असू शकते.

मध्य चुकलाच तर मोठं ड्रिल लावून तो 'सरळ' होत नाही. बारीक कार्बाइड बरने भोकाची जाड भिंत थोडी थोडी खा आणि मध्य परत आणा. किंवा ब्लॉक मिलिंग मशीनवर न्या. तिथे कार्बाइडचा एंड मिल सरळ उतरतो, त्याला एका बाजूच्या मऊ धातूकडे घसरायचं कारण नसतं.

भोक मध्यावर असेल तर टप्प्याटप्प्याने वाढवा. ८ मिलिमीटरच्या १.२५ पिचच्या बोल्टला टॅपिंग ड्रिल (आटे पाडण्याआधीच्या भोकाचं ड्रिल) ६.८ मिलिमीटर, १० मिलिमीटरच्या १.५ पिचला ८.५. त्याच्या किंचित अलीकडे थांबा, म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टला ६.५ वर. आता खुंट राहिलेला नसतो, आट्यांत अडकलेली पातळ नळी असते, आणि नळी झाली की गंजाची पकडही ढिली पडते. टोकदार पंचने कडेचा पहिला आटा आत दुमडा, चिमट्याने धरा, आणि तो पेनातल्या स्प्रिंगसारखा ओढत बाहेर काढा. उरलेले तुकडे टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने हळू फिरवून साफ करा. अर्धा फेरा पुढे, पाव मागे.

हे आधी कधी केलं नसेल तर भंगारातला बिडाचा तुकडा घ्या, त्यात बोल्ट बसवून करवतीने कापा, आणि त्यावर दोन-तीनदा सराव करा. आपल्या गाडीचा ब्लॉक ही पहिल्या धड्याची जागा नव्हे.

मग एक्स्ट्रॅक्टर कधी?

खुंट मोकळा आहे, फक्त धरायला जागा नाही, तेव्हा. म्हणजे घट्ट करताना तुटलेला बोल्ट, किंवा उष्णता देऊन सैल झालेला. निमुळत्या पिळाचं एक्स्ट्रॅक्टर आत जाताना पाचरीसारखं खुंटाला फुगवतं आणि आट्यांवर आणखी दाबतं, म्हणून सरळ खाचांचं घ्या. टॅपच्या दुहेरी दांड्याने दोन्ही हात सारखे ठेवून फिरवा, एका बाजूने लावलेला पाना त्याला वाकवतो. हाताला स्प्रिंगसारखा ताण जाणवला की सोडून द्या. माझं एक असंच एक्झॉस्टच्या स्टडमध्ये तुटलं होतं, आणि वीस मिनिटांचं काम तीन आठवड्यांचं झालं.

आत तुटलेलं एक्स्ट्रॅक्टर किंवा टॅप साध्या ड्रिलने कापत नाही. त्यावर खरा उपाय म्हणजे स्पार्क इरोजन. यात तांब्याचा किंवा ग्रॅफाइटचा इलेक्ट्रोड आणि धातू यांच्यात लाखो बारीक ठिणग्या पडतात आणि धातू कणाकणाने उडतो, तो कितीही कडक असला तरी. सोव्हिएत संघातले लाझारेंको पती-पत्नी यांनी १९४३ च्या सुमारास हे तंत्र घडवलं. त्याच काळात अमेरिकेतही स्वतंत्रपणे असं यंत्र तयार झालं, आणि तेही ॲल्युमिनियमच्या ओतकामात तुटलेले टॅप आणि ड्रिल काढण्यासाठीच. ब्लॉकचे आटे याने बहुतेक वेळा शाबूत राहतात. दुर्मिळ ब्लॉक असेल तर आधीच्या सगळ्या पायऱ्या वगळून थेट इथे नेणंही शहाणपणाचं आहे.

जाता जाता एक माहिती: घड्याळजी पितळी पट्टीत तुटलेला पोलादी स्क्रू तुरटीच्या गरम द्रावणात विरघळवून काढतात. पोलाद जातं, पितळ राहतं. बिडाच्या ब्लॉकवर हे कधीही करू नका, तुरटीला बीड आणि बोल्ट यांत फरक कळत नाही.

आटे गेले असतील तर

ब्लॉकचे आटे खराब झाले असतील तर मोठा बोल्ट टाकायची घाई नको. जुन्या ओतकामात भोकाभोवतीची भिंत कुठे जाड, कुठे पातळ असते. हेली-कॉइलसारखी तारेची गुंडाळी किंवा भरीव इन्सर्ट बसवा. त्यासाठीचं ड्रिल आणि टॅप इन्सर्टसोबतच्या मापाचंच लागतं, नेहमीचा टॅप चालत नाही. भोक काटकोनात ठेवा. हेडच्या स्टडसाठी आणि पाण्यात उघडणाऱ्या भोकांसाठी भरीव इन्सर्ट आणि आट्यांना लावायचं सीलंट मला जास्त भरवशाचं वाटतं.

परत जोडताना

भोक चुंबकाने, मग हवेने साफ करा, चष्मा लावूनच. बंद भोकात तेल किंवा पाणी साठलेलं असेल तर बोल्ट आवळताना ते द्रव दबत नाही आणि बिडाचा ब्लॉक खालून फाटू शकतो. म्हणून शेवटी कापसाची बत्ती तळापर्यंत घालून ती कोरडी येतेय ना ते पाहा.

जुने बोल्ट परत वापरू नका. नवे त्याच आट्यांचे, त्याच दर्जाचे. आट्यांना अँटी-सीझ (जाम होऊ न देणारी) पेस्ट लावा, पण लक्षात ठेवा की वंगण असलेल्या आट्यांत तेवढ्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) बोल्टवर जास्त ताण येतो. पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांचा असेल तर तो कमी करावा लागतो. स्टड ब्लॉकमध्ये हाताने बसतील एवढेच आवळा, जोर नटावर येऊ द्या. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला पितळी नट वापरा. ते पोलादी स्टडला गंजून चिकटत नाहीत, आणि पुढे कधी अडलेच तर आधी नटाचे आटे जातात, स्टड वाचतो. इंजिन पहिल्यांदा पूर्ण तापून निवलं की ते नट एकदा पुन्हा तपासा. बिडाच्या मॅनिफोल्डचे नट पहिल्या तापण्यानंतर थोडे सैल झालेले हमखास सापडतात.